दहा तारखेपासून दामदुपटीपर्यंत

१ एप्रिल २०१० या दिवशी भारतातल्या बँकांमधला एक जुना नियम संपला. त्याआधी बचत खात्यावर व्याज मिळायचं ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या तारखेपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक राहिली असेल, तिच्यावर. ९ तारखेला भरलेल्या पैशाला पूर्ण महिन्याचं व्याज, ११ तारखेला भरलेल्याला त्या महिन्यापुरतं शून्य. समजा, कुणाचे एक लाख रुपये १ तारखेपासून खात्यात पडून आहेत. २८ तारखेला त्याने ९९ हजार काढले आणि पुढच्या १ तारखेला परत भरले. साडेतीन टक्के दराने, तीस दिवसांच्या त्या महिन्याचं त्याला व्याज मिळायचं २ रुपये ९२ पैसे. रोजच्या शिल्लकेवर काढलं असतं तर ते २५९ रुपये झालं असतं. पगारदार घरांत हा नियम तोंडपाठ असे. काढायचेच असतील तर १ ते ९ च्या दरम्यान काढा आणि १० च्या आत परत भरा, हे माझे वडील आम्हां भावंडांना सांगत.

आज पंचविशीतल्या कुणाला हे सांगितलं की त्याला वाटतं, बँका लोकांना लुबाडत होत्या. मला ते पटत नाही, कारण हा नियम कुठून आला ते मी स्वतःच्या हातांनी अनुभवलं आहे. १९७९ साली मी मुंबईत एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागले आणि पहिली काही वर्षं सेव्हिंग्जच्या काउंटरमागे काढली. लेजरमध्ये एका खात्याला एक पान. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक, आणि शेवटी अधिकाऱ्याची सही. सहामाही आली की संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर लेजर उघडून बसायचं. प्रत्येक पानावर, प्रत्येक महिन्यासाठी, शिल्लकेच्या रकान्यावरून १० तारखेपासून खाली नजर फिरवायची, सर्वांत लहान आकडा हेरायचा आणि व्याजाच्या तक्त्यात उतरवायचा. सहा महिन्यांचे सहा आकडे. त्यांची बेरीज, गुणिले दर, भागिले १२००. एकीने काढायचं, दुसरीने तपासायचं, मग पूर्ण लेजरची बेरीज टॅली करायची. रोजच्या शिल्लकेवर व्याज काढायचं ठरलं असतं, तर सहाऐवजी एकशे ऐंशी दिवसांचा हिशोब लागला असता. एवढं काम हाताने होणं शक्यच नव्हतं. दहा तारखेचा नियम माणसाच्या डोळ्यांना आणि बोटांना झेपेल असा बेतलेला होता.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००९ च्या वार्षिक धोरणात तो बदलायचं जाहीर केलं, तेव्हा कारण दिलं तेही हेच: शाखांचं संगणकीकरण आता समाधानकारक पातळीला पोचलं आहे. पण संगणक काही २००९ मध्ये आले नव्हते. बँक संघटना आणि कर्मचारी युनियन यांच्यात यंत्रं आणण्याचा करार झाला १९८३ साली. डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ मध्ये. त्यानंतर शाखाशाखांत एएलपीएम म्हणजे लेजर पोस्टिंगची यंत्रं बसू लागली. त्यातल्या साध्यात साध्या यंत्रालाही रोजच्या शिल्लकेवर व्याज काढणं जड नव्हतं. तरी आम्ही त्याच्यात घातला तो हातालेजरचा नियम, जसाच्या तसा. रिझर्व्ह बँकेचा आदेशच तसा होता, त्यामुळे त्यात प्रोग्रॅमरचा दोष नाही. पण माणसाच्या सोयीसाठी जन्मलेला नियम, ती सोय ज्याला नकोच होती अशा यंत्रात पुढे सुमारे पंचवीस वर्षं राबत राहिला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नियम नेताना तो नियम का होता, हे कुणी सोबत नेत नाही. गेल्या पन्नास वर्षांत मुंबई-पुण्यातल्या हजारो माणसांनी ज्या धंद्यावर पोट भरलं, त्याचा इतिहास मला या बाजूने दिसतो.

हा धंदा म्हणजे जुन्या प्रोग्रॅममधले व्यवहाराचे नियम काढून नव्या भाषेत, नव्या यंत्रावर बसवणं. सॉफ्टवेअर निर्यातीच्या कहाण्या सांगताना आपण चकचकीत इमारतींबद्दल बोलतो, पण सुरुवात झाली ती याच कामाने. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांमधल्या आपसातल्या व्यवहारांचा ताळमेळ. फकीरचंद कोहली तेव्हा कंपनीची धुरा सांभाळत होते. १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीकडून काम आलं: रुग्णालयांच्या हिशोबाचा, कोबोल या भाषेतला प्रोग्रॅम बरोजच्याच एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यायचा. मुंबईत हाताशी होता आयसीएल १९०३ हा संगणक. तेव्हा एका कोबोलची वाक्यं घेऊन दुसऱ्या कोबोलची वाक्यं बाहेर काढणारा गाळणीसारखा प्रोग्रॅम इथे लिहिला गेला आणि त्यातून काम पार पडलं. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या अगदी पहिल्या कामांत हे मोडतं. अमेरिकेतल्या रुग्णालयात बिल कसं लावायचं, याचे नियम अशा रीतीने मुंबईतल्या तरुणांच्या हातून पुढे गेले.

कोबोलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज तिची हेटाळणी फार होते. १९५९ च्या मे महिन्यात पेंटागॉनमध्ये सरकारी खाती, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या आणि ती वापरणारे यांची बैठक झाली आणि त्यातून ही भाषा जन्मली. ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा तिच्यावर मोठा ठसा आहे. व्यवहार ज्याला कळतो पण गणिती चिन्हं कळत नाहीत, अशा माणसालाही प्रोग्रॅम वाचता यावा हा हेतू. आणि तो बराच साधला. १९८७ मध्ये मी बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात गेले, तेव्हा लेजर ठेवलेली बाई म्हणून मला कोबोल परकी वाटली नाही. 'मूळ रकमेला दराने गुणा आणि निकाल व्याजात ठेवा' अशीच तिची वाक्यं असत.

पैशासाठी तिचा आणखी एक गुण फार मोठा. ती रक्कम दशमान आकड्यांत ठेवते, जशी आपण कागदावर मांडतो. नव्या भाषांतली साधी अपूर्णांक संख्या द्विमान पद्धतीने ठेवली जाते आणि तिथे दहा पैसे, म्हणजे ०.१, हीसुद्धा तंतोतंत बसत नाही. म्हणून जावा या भाषेत पैशासाठी 'बिगडेसिमल' नावाचा वेगळा प्रकार वापरावा लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. कोबोलमध्ये निकालाच्या खान्यात दोनच दशांश स्थळं असतील, तर पुढचे आकडे सरळ गळून पडतात. जवळच्या पैशाला न्यायचं असेल तर प्रोग्रॅमरला त्या वाक्यात 'राउंडेड' लिहावं लागतं. म्हणजे जिथे तो शब्द आहे तो एक नियम आणि जिथे तो नाही तोही एक नियम. जावात पूर्णांकन कसं करायचं ते निवडावं लागतं: अर्धा आला की वर नेणारं, की अर्धा आला की सम आकड्याकडे नेणारं. १२.३४५ चं पहिल्या रीतीने १२.३५ होतं, दुसऱ्या रीतीने १२.३४, आणि कोबोलमध्ये तो शब्द नसेल तर १२.३४. हा एक पैसा कुणाला क्षुल्लक वाटेल. पण बँकेत व्यवहार जवळच्या रुपयाला नेण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. आता एका बाजूला ४९ पैसे आले आणि दुसऱ्या बाजूला ५०, तर खात्यात एका रुपयाचा फरक पडतो. लाखो खात्यांत तो पडला की लेखापरीक्षक दारात उभा राहतो, आणि त्याने राहावंच.

२००० सालाच्या धास्तीचा काळ या धंद्याचा सर्वांत भरभराटीचा. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले जगभरातले प्रोग्रॅम तपासायला अंधेरीच्या सीप्झमधल्या आणि इतर ठिकाणच्या कंपन्यांत मुलं रात्रपाळ्या करत होती. बहुतेक ठिकाणी चार आकड्यांचं वर्ष केलं गेलं नाही, वेळ नव्हता. त्याऐवजी एक सीमा ठरवली गेली, समजा ५०: त्याखालचा आकडा आला तर एकविसावं शतक, वरचा आला तर विसावं. पण ती सीमा नेमकी किती, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. ठेवीच्या मुदतीसाठी जी सीमा योग्य, ती १९३२ साली जन्मलेल्या पेन्शनरच्या जन्मवर्षासाठी चुकीची. या सीमा तात्पुरत्या होत्या, आणि आजही कित्येक प्रोग्रॅममध्ये त्या बसून आहेत.

आणि नेमक्या त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षं नोकरी झालेली किंवा चाळिशी ओलांडलेली माणसं अर्ज करू शकत होती. सुमारे एक लाख माणसं गेली. माझ्या विभागातले अनेक सहकारी गेले. पैशाच्या दृष्टीने अनेकांचं भलं झालं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण कालक्रम पाहा. पुढच्या सात-आठ वर्षांतच बँकांनी शाखाशाखांतली जुनी सॉफ्टवेअर काढून सगळा कारभार कोअर बँकिंगवर, म्हणजे सर्व शाखांच्या एकाच मध्यवर्ती सिस्टीमवर नेला. म्हणजे नियम नव्या घरी न्यायची वेळ आली, त्याच्या अगदी आधी ते नियम का आहेत हे सांगू शकणारी पिढी निरोपसमारंभाची शाल-श्रीफळं घेऊन घरी गेली. नव्या सिस्टीमवाल्यांना आवश्यकता काय ते सांगायला टेबलावर बसले ते बहुधा तरुण अधिकारी, ज्यांनी हाताने व्याज काढलेलं नव्हतं. त्यांनी जुन्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवलं: 'हा जे करतो तेच करा.' मला विचाराल तर आपल्या बँकिंगच्या इतिहासातली ही मोठी हानी आहे, आणि तिची कुठेही नोंद झालेली नाही.

निवृत्तीनंतर मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सहकारी बँकेचं असंच काम पाहते आहे. नव्वदच्या दशकातली कोबोलची सिस्टीम, युनिक्सवर चालणारी, ठेवी आणि कर्जं दोन्ही. ती पुण्यातली मुलंमुली जावात नेत आहेत. मुलं हुशार आहेत आणि मेहनती आहेत. यंत्राच्या साहाय्याने कोबोलचं जावा करणारी साधनंही आता आली आहेत. आयबीएमने २०२३ मध्ये असं साधन जाहीर केलं. ती वाक्याचं वाक्य बऱ्यापैकी करतात. पण ज्या वाक्याशेजारी एक अक्षरही टीप नाही, त्याच्यामागचं कारण ती कुठून आणणार?

एके दिवशी मुदत ठेवीच्या प्रोग्रॅममध्ये एक अट सापडली. शाखा क्रमांक ०७, १२ किंवा ३१ असेल तर वाराची तपासणी वेगळी. बस, एवढंच.

"मॅडम, हे हार्डकोड केलंय कुणीतरी. यातल्या दोन शाखा तर आता नाहीतच. काढून टाकू?" टीममधल्या मुलीने विचारलं.

मी म्हटलं, "या शाखा होत्या कुठे, ते आधी शोधू या." बँकेत कुणाला सांगता येईना. शेवटी निवृत्त झालेल्या एका शाखाधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांना आठवायला क्षणही लागला नाही. "अहो ताई, त्या रविवारच्या शाखा! बाजारपेठेतल्या. रविवारी उघड्या आणि सोमवारी बंद."

आता अट उलगडली. ठेवीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली, तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी देतात आणि मधल्या दिवसाचं व्याजही ठरलेल्या दराने द्यावं लागतं. इतर शाखांत हा प्रश्न रविवारी येई, या तीन शाखांत सोमवारी. अट काढून टाकली असती, तर चालू असलेल्या तिसऱ्या शाखेतल्या ठेवीदारांचं एका दिवसाचं व्याज बुडालं असतं, आणि रविवारी मुदत संपणाऱ्यांना नाहक एक दिवसाचं जास्त गेलं असतं. पुढे १ सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला, तेव्हा कुणीतरी तो नियम याच प्रोग्रॅममध्ये भलत्याच ठिकाणी जोडला होता. आम्ही नव्या सिस्टीममध्ये शाखानिहाय सुट्ट्यांचा तक्ता केला. तारीख बदलली तर आता प्रोग्रॅमला हात लावावा लागणार नाही.

तोच दहा तारखेचा नियमही त्या कोबोलमध्ये आहे. मुलांना तो मेलेला कोड वाटला. पण २०१० च्या आधीपासून बंद पडलेल्या खात्याचं पासबुक घेऊन वारस कधीही येऊ शकतो आणि त्याच्या जुन्या वर्षांचं व्याज जुन्याच रीतीने काढावं लागेल. म्हणून तो नियमही जावात गेला, सोबत अंमलाची तारीख घालून. काही महिने दोन्ही सिस्टीम एकत्र चालवतात, त्या पॅरलल रनमध्ये खातं न् खातं पैशापर्यंत ताडून पाहतात. फरक निघाला की बहुतेक जण जुन्याच्या बाजूने निकाल देतात. माझं मत असं, की जुना प्रोग्रॅम साक्षीदार आहे, कायदा नाही. साक्ष घ्यायची, आणि मग कायदा उघडून पाहायचा.

हे मला ठामपणे कळलं पीककर्जाच्या प्रोग्रॅममध्ये. तिथे एक अट होती: आजवर लावलेलं व्याज मुद्दलाएवढं झालं की पुढचं व्याज शून्य. टीमने ते चूक म्हणून नोंदवलं होतं, व्याज पुढे वाढतच नाही म्हणून. मी ती ओळ वाचली आणि अंगावर काटा आला. ही दामदुपट. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा नियम स्मृतिग्रंथांपासूनचा. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदू कर्जदारांसाठी चालू ठेवला. आमच्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तो दंगा अहमदनगरपर्यंत पसरला आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्याही भांडणाच्या मुळाशी हिशोबाची वहीच होती: व्याज मुद्दलात मिसळायचं आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातलं कलम ४४-अ ठरावीक कर्जांवर व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायला मनाई करतं. लहान आणि सीमांत शेतकऱ्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठीचा नियमही त्याच धाटणीचा आहे. एवढा सगळा प्रवास कोबोलच्या त्या एका ओळीत होता, आणि ती ओळ चूक म्हणून पुसली जाणार होती.

पण खरा पेच पुढे होता. व्याजाची बेरीज ठेवणारा तो खाना कुठेकुठे बदलतो ते आम्ही शोधत गेलो, तेव्हा दिसलं की कर्जाचं नवं-जुनं झालं की तो शून्यावर येतो. थकलेलं व्याज धरून नवं कर्ज उभं राहतं, ते व्याज मुद्दल बनतं, आणि दामदुपटीची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. नियम प्रोग्रॅममध्ये आहे, आणि दुसऱ्याच एका प्रोग्रॅममध्ये त्याची वाट बंद केलेली आहे. हे कुणी मुद्दाम केलं की नकळत विसरलं गेलं, ते कळायला मार्ग नाही. त्या काळचे शेतीकर्जाचे एक अधिकारी भेटले. ते म्हणाले की हातालेजर होतं तेव्हा नवं-जुनं करताना ते नव्या पानावर पेन्सिलीने मूळ मुद्दल आणि त्यातलं व्याजाचं अंग वेगवेगळं लिहून ठेवत, म्हणजे वसुलीला आलेल्या कुणाही अधिकाऱ्याला मर्यादा दिसे. यंत्र आलं तेव्हा फॉर्मवर त्या पेन्सिलीच्या नोंदीसाठी रकाना नव्हता.

मी बँकेला लेखी कळवलं की हा निर्णय प्रोग्रॅमरने घ्यायचा नाही. संचालक मंडळाने कायदेशीर सल्ला घेऊन ठराव करावा, आणि ठराव होईपर्यंत हा भाग जावात जाणार नाही. टीमला वेळापत्रकाची काळजी होती, बँकेला खर्चाची. दोन बैठका झाल्या, थोडं गरमही झालं. शेवटी ठराव आला. नव्या सिस्टीममध्ये प्रत्येक शेतीकर्जाला दोन खाने आहेत: मूळ मुद्दल, आणि नवं-जुनं करताना आत आलेलं व्याज. मर्यादा पहिल्या खान्यावरून मोजायची. त्याच्या पहिल्या टेस्ट केसचे आकडे मी स्वतः लिहून दिले: मूळ मुद्दल १०,०००, थकलेलं व्याज ४,२००, नवं-जुनं केलं. आता नव्या कर्जाची रक्कम १४,२०० दिसेल, पण दामदुपटीची मर्यादा १०,०००च राहिली पाहिजे, आणि त्यातले ४,२०० आधीच लागलेले असल्याने यापुढे व्याज लागू शकेल ते फक्त ५,८००.